गोवर उतरतो, पण शरीराची आठवण पुसून जातो

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईतल्या गोवंडीत, भिवंडीत आणि आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात गोवरची साथ पसरली. मुंबईत लहान मुलं दगावली, त्यातल्या बहुतेकांची लस राहिलेली होती. मालेगाव आणि देवळाली कॅम्प एकाच जिल्ह्यात. नातेवाईक, लग्नकार्य, ईदची ये-जा चालूच असते. म्हणून हा विषय आपल्या कॅम्पातल्या घरांचाही आहे.

"गोवर काय, आठ दिवसांत उतरतो," असं आपल्याकडे अजूनही ऐकू येतं. पुरळ उतरतं हे खरं. पण आत काय घडतं, ते समजून घेऊ या.

विषाणू आत शिरतो कसा?

विषाणू स्वतःहून वाढू शकत नाही, त्याला आपल्या पेशीत शिरावं लागतं. पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. बाहेरचे निरोप आत पोचवणं हे त्यांचं काम. गोवरचा विषाणू 'स्लॅम' नावाच्या रिसेप्टरला पकडून आत जातो. हा रिसेप्टर असतो तो आपलं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर. म्हणजे चोर थेट पोलीस चौकीतच घुसतो!

विषाणू शिरला की त्या पेशीवरचं स्लॅम कमी होतं. एरवी याच प्रथिनाच्या मदतीने पांढऱ्या पेशी एकमेकींना इशारे देतात. ते इशारे मंदावतात.

खरं नुकसान इथे आहे

आधी होऊन गेलेल्या आजारांची ओळख ठेवणाऱ्या 'स्मृतिपेशी' शरीरात असतात. त्यांच्यावर स्लॅम भरपूर असतं, त्यामुळे त्याच मोठ्या संख्येने मारल्या जातात. पांढऱ्या पेशींची संख्या काही आठवड्यांत भरून येते, पण जुनी ओळख परत येत नाही.

२०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवरच्या आधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं गेलं. इतर आजारांविरुद्धची त्यांची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाली होती. हा अशक्तपणा दोन-तीन वर्षंही टिकू शकतो. मूल न्यूमोनियाने, जुलाबाने पुन्हा पुन्हा आजारी पडतं आणि घरात कुणीतरी म्हणतं, नजर लागली.

मग करायचं काय?

पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल इतरांना गोवर देत असतं. खोकल्यातून बाहेर पडलेला विषाणू बंद खोलीत दोन तास राहू शकतो. त्यामुळे पुरळ आल्यावर मुलाला वेगळं ठेवणं गरजेचं असलं, तरी तोवर उशीर झालेला असतो. भरवशाचा उपाय लसच.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. सरकारी केंद्रात दोन्ही मोफत मिळतात. लसीतला विषाणू कमजोर केलेला असतो, तो शरीराची आठवण पुसत नाही. एक-दोन दिवस ताप आला तर घाबरू नका. डोस राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो.

गोवर झालाच तर घरगुती उपायांवर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा, 'अ' जीवनसत्त्वाचे डोसही विचारा.

आज रात्री जेवणं झाली की मुलांची लसीकरणाची कार्डं काढा. दोन्ही रकान्यांत तारीख आहे का, एवढं बघा. नसेल तर उद्या सकाळी आशाताईंना किंवा जवळच्या दवाखान्यात विचारा.