मळ्याची राखण करणारें कुत्रें : पिल्लाचे पहिले चार महिने

शेतकऱ्याच्या घरीं बैलास पेंड किती लागली, गाय केव्हां व्याली, शेळी कितीस विकली, याचा हिशेब कोणी वहींत तर कोणी तोंडीं ठेवीत असतो. परंतु त्याच मळ्यांत रात्रभर जागून विहिरीवरील मोटार, केबल, खळ्यावरील धान्य व गोठ्यांतील वासरें यांची राखण करणाऱ्या कुत्र्याचा हिशेब सहसा कोठेंच नसतो. तें कोठून आलें, त्याचें वय काय, त्यास लस केव्हां टोंचली, असें विचारल्यास "असेल दोन-तीन वर्षांचें" यापलीकडे उत्तर मिळत नाहीं. पोसणें म्हणजे उरलेली भाकरी टाकणें व राखणीस लावणें म्हणजे साखळीनें बांधणें, एवढीच कल्पना रूढ होऊन बसली आहे. तीमुळें कित्येक मळ्यांवर कुत्रें असूनहि राखण होत नाहीं, आणि कित्येक ठिकाणीं राखणीचें कुत्रेंच घरच्या माणसांस धोक्याचें होतें.

"कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वाकडेंच" ही म्हण आपण सर्वांनीं ऐकली आहे. शेपटापुरती ती खरी आहे. स्वभावाची गोष्ट मात्र निराळी. अमेरिकेंत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेंत स्कॉट व फुलर या दोघां शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें निरनिराळ्या जातींचीं पिल्लें वाढवून त्यांचें निरीक्षण केलें व १९६५ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वयाच्या सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचें मन ओल्या मातीसारखें असतें, हा त्यांच्या कामाचा इत्यर्थ होय. या मुदतींत जो मनुष्य, जें जनावर व जो आवाज ओळखीचा होतो, तो पुढें आपला वाटतो. आणि या मुदतींत मनुष्याचा हात ज्यास लागला नाहीं, तें पिल्लूं जन्मभर बुजरें राहतें. बुजरें कुत्रें भीतीनें चावतें. म्हणून पिल्लाच्या पहिल्या चार महिन्यांत जो थोडा वेळ व पैसा खर्चावा लागतो, तो पुढील दहा-बारा वर्षें राखणीच्या रूपानें परत मिळतो. ती मुदत चुकली तर मागाहून दुप्पट श्रम करूनहि काम अर्धेंच साधतें.

पिल्लाची निवड

मुधोळ किंवा कारवानी जातीचें कुत्रें दिसण्यांत रुबाबदार व धांवण्यांत चपळ असतें. २००५ सालीं भारतीय टपाल खात्यानें देशी कुत्र्यांचीं जीं चार तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळ कुत्र्याचेंहि एक होतें. परंतु या जातीची पैदास सावज नजरेनें टिपून त्याचा पाठलाग करण्यासाठीं झालेली आहे. शिकारीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी आहे. आणि सशामागें दोन शेतें ओलांडून जाणारें कुत्रें राखणीस काय कामाचें? दाट केसांच्या विलायती जातींस आपल्याकडील उन्हाळा सोसत नाहीं. साध्या मळ्यास चांगल्या गांवठी कुत्रीचें पिल्लूं उत्तम. पिल्लापेक्षां त्याच्या आईचा स्वभाव अधिक पाहावा. परक्यास पाहून भुंकणारी, पण धन्यानें हांक मारतांच गप्प होणारी कुत्री असेल तर तिचें पिल्लूं डोळे मिटून घ्यावें.

पिल्लूं आठ आठवड्यांचें होईपर्यंत आईपासून तोडूं नये. भावंडांशीं खेळतांना दांत किती जोरानें लावावे हें तें शिकतें. जोरानें चावल्यास दुसरें पिल्लूं केंकाटतें व खेळ बंद पडतो, हाच त्याचा पहिला धडा होय. महिन्याभराचें असतांना उचलून आणलेल्या पिल्लास हा धडा मिळत नाहीं, व पुढें तें मुलांच्या हातास खेळतां खेळतां इजा करतें.

आहार

नुसत्या भाकरीवर पिल्लाचीं हाडें भरत नाहींत. भाकरी ताकांत किंवा शिजविलेल्या डाळींत कुस्करून द्यावी, व त्यांत उकडलेलें अंडें अथवा, ज्या घरीं चालत असेल तेथें, शिजविलेलें मांस मिसळावें. आईचें दूध सुटल्यावर गाईम्हशीचें दूध पुष्कळ पाजल्यास कित्येक पिल्लांस हगवण लागते; ताक किंवा दहीं बहुधा सोसतें. चार महिन्यांपर्यंत दिवसांतून चार वेळां, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळां व नंतर दोन वेळां खावयास द्यावें. शिजविलेलें हाड फुटून त्याचे अणकुचीदार तुकडे आंतड्यांत रुततात, म्हणून तें देऊं नये.

कांहीं वस्तु आपणांस अन्न असून कुत्र्यास विषासमान आहेत. द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचें मूत्रपिंड निकामी होऊं शकतें. कांदा व लसूण, कच्चा असो वा शिजविलेला, रक्तांतील तांबड्या पेशी नासवितो. कोणत्या कुत्र्यास किती बाधेल याचा नेम नसल्यामुळें नाशिक-सांगलीकडील द्राक्ष बागाईतदारांनीं बेदाण्याच्या शेडजवळ व कांदेवाल्यांनीं चाळीजवळ ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. उंदरांसाठीं ठेवलेलीं झिंक फॉस्फाईडचीं आमिषें व औषध चोळलेलें बियाणें हींहि पिल्लाच्या तोंडापासून दूर असावींत. गुरांच्या गोचिडांचें औषध अंदाजानें कुत्र्याच्या अंगावर ओतूं नये. त्याचें औषध व प्रमाण पशुवैद्यास विचारूनच ठरवावें.

शिक्षण

शिक्षणास नांवापासून आरंभ करावा. मोत्या, वाघ्या असें दोन अक्षरी नांव ठेवून घरांतील सर्वांनीं त्याच नांवानें हांक मारावी. खाण्याची थाळी हातांत घेऊन "मोत्या, ये" म्हणावें व तें आलें म्हणजे थाळी खालीं ठेवावी. आठ-पंधरा दिवसांत हा शब्द पक्का होतो. त्यानंतर "बस" व "सोड" हे दोन शब्द शिकवावे. तोंडांतील वस्तु ओढून न घेतां भाकरीचा तुकडा पुढें करून "सोड" म्हणावें. एका वेळीं पांच मिनिटें व दिवसांतून दोन-तीन वेळां, यापेक्षां अधिक शिकवूं नये.

बक्षीस तत्क्षणीं मिळालें तरच त्याचा अर्थ पिल्लास कळतो. शिक्षेचेंहि तसेंच. सकाळीं कोंबडी मारली म्हणून दुपारीं काठी हाणली, तर पिल्लूं कोंबडीविषयीं कांहींच शिकत नाहीं. धनी जवळ आला म्हणजे मार बसतो, एवढेंच शिकतें. पळून गेलेलें पिल्लूं हांकेसरशीं परत आलें असतां त्यास मारणें म्हणजे "परत येऊं नकोस" असा धडा आपल्याच हातानें देणें होय. कोंबड्या व करडें यांच्यांत नेतांना गळ्यांत लांब दोरी असावी. कोंबडीकडे पाहून पिल्लानें आपल्याकडे मान वळविली कीं लागलींच तुकडा द्यावा. झेप घेतल्यास दोरीनें थांबवावें, पण झटका देऊं नये.

मळ्याची हद्द शिकविणें हा राखणीचा खरा पाया आहे. पिल्लास सातबारा वाचतां येत नाहीं. आपली जमीन कोठपर्यंत आहे हें त्यास पायांनींच दाखवावें लागतें. रोज सांज-सकाळ दोरीनें धरून त्याच वाटेनें बांधाबांधानें एक फेरी घालावी. महिना-दोन महिन्यांत हद्दीच्या आंत व बाहेर हा भेद तें ओळखूं लागतें.

याच काळांत पिल्लास नाना प्रकारचीं माणसें व वस्तु दाखवाव्या : घोंगडी पांघरलेला मेंढपाळ, डोक्यावर भारा घेतलेली बाई, छत्री उघडलेला मनुष्य, हेल्मेट घातलेला मोटारसायकलवाला, ट्रॅक्टर, मळणीयंत्र. प्रथम दुरून दाखवून हळू हळू जवळ न्यावें. मात्र लसी पूर्ण होईपर्यंत आठवड्याच्या बाजाराच्या जागीं किंवा गांवांतील मोकाट कुत्र्यांत नेऊं नये. पार्व्हो नांवाचा रक्ती हगवणीचा रोग पिल्लास अशाच ठिकाणीं जडतो व तीन-चार दिवसांत त्याचा प्राण घेऊं शकतो.

पिल्लास माणसांवर "छू" करण्याची जी संवय मुलांस असते ती निक्षून मोडावी. भुंकणें शिकवावें लागत नाहीं. वय झालें म्हणजे तें आपोआप येतें. शिकवावें लागतें तें थांबणें. परक्याची चाहूल देणें एवढेंच कुत्र्याचें काम आहे; पुढील निवाडा धन्यानें करावयाचा असतो. रोजंदारीच्या बाईस किंवा शेजाऱ्याच्या मुलास आपलें कुत्रें चावलें तर प्रकरण बांधावर मिटेल असें नाहीं. जनावरापासून इतरांस इजा होऊं नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणें हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणें गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलांत आली असून या कलमाखालीं सहा महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीहि होऊं शकतात.

साखळी व रात्रीचा निवारा

दिवसरात्र साखळीनें बांधलेलें पिल्लूं चिडखोर होतें. ज्या ऊंसपट्ट्यांत बिबट्याचा वावर आहे तेथें तर तें त्याच्या तोंडीं आयतें बांधून ठेवल्यासारखें होतें. नगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत झालेल्या अभ्यासांत बिबट्याच्या आहारांत कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. अशा भागांत कुत्र्यास रात्रीं उघड्यावर बांधूं नये; वस्तीलगत जाळीचें दार असलेला बंदिस्त खोपा करावा. जाळीआडूनहि तें चाहूल देतेंच.

कुत्रें आणि गोठा

बकऱ्या-मेंढ्यांचीं कच्चीं काळजें व फुप्फुसें कुत्र्यास टाकण्याची चाल फार वाईट. त्यांत पाण्याच्या गांठी असल्या तर कुत्र्याच्या पोटांत एक बारीक पट्टकृमि वाढतो. त्याचीं अंडीं विष्ठेवाटे चाऱ्यांत, पाण्यांत व माणसांच्या हातांवर येतात आणि माणसाच्या काळजांतहि तशाच गांठी होतात. तसेंच गाय व्याल्यावर पडलेली वार कुत्र्यास खाऊं देऊं नये. ती खोल पुरावी. निओस्पोरा नांवाच्या परोपजीवीचा फेरा कुत्र्याच्या पोटांत पुरा होतो, व त्याच्या विष्ठेनें दूषित झालेला चारा खाल्ल्यास गाय गाभटते. १९९८ सालीं हा संबंध सिद्ध झाला. म्हणून कुत्र्यास वैरणीच्या गंजीवर निजूं देऊं नये व त्याच्या हगण्याची जागा गोठ्यापासून दूर ठरवावी. पिल्लास जंत आईच्या पोटांतून व दुधांतून येतात. ते वरून दिसले नाहींत तरी औषध ठरल्या वेळीं द्यावेंच.

पिसाळणें

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, याचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर रोगी बहुधा वांचत नाहीं; परंतु लक्षणांपूर्वीं तो टाळतां येतो. १८८५ सालीं लुई पाश्चर यानें चावा घेतलेल्या एका मुलास लस टोंचून हें प्रथम दाखविलें. पिल्लूं तीन महिन्यांचें होतांच त्यास रेबीजची लस टोंचावी व पुढें दर वर्षीं ती चुकवूं नये.

कोणास कुत्रें चावल्यास जखमेवर मिरची, चुना, हळद कांहींएक न लावतां वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. सुयांच्या सर्व तारखा पाळाव्या. बरें वाटतें म्हणून मध्येंच सोडूं नये. चावणारें कुत्रें मारूं नये. दहा दिवस बांधून त्यावर नजर ठेवावी, मात्र त्या निकालाची वाट पाहत सुई लांबवूं नये. हा रोग कोल्हा व मुंगूस यांच्या चाव्यानेंहि येतो आणि गुरांसहि होतो. गाय चारा खाईना व तिच्या तोंडांतून लाळ गळूं लागली म्हणजे घशांत कांहीं अडकलें असेल या समजुतीनें शेतकरी तिच्या तोंडांत हात घालतो. असें कदापि करूं नये; पशुवैद्यास बोलवावें.

कुत्र्याचें पान

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें असल्यामुळें त्याचा नोंदीवर भरंवसा अधिक आहे. घरच्या हिशेबाच्या वहींत एक पान कुत्र्यासाठीं राखून त्यावर पुढील कामें क्रमानें लिहावीं व प्रत्येकापुढें तारीख घालावी :

वय २ आठवडे : जंताच्या औषधास आरंभ, पुढें तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्यास.
वय ६ ते ८ आठवडे : पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे रोगांची पहिली लस, पुढें सोळा आठवड्यांचें होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनीं.
वय ८ आठवडे : पिल्लूं घरीं आणणें, नांव, "ये", बांधाची फेरी.
वय ३ महिने : रेबीजची लस, "बस" व "सोड", कोंबड्या-करडांची ओळख.
वय ३ ते ६ महिने : जंताचें औषध महिन्यास एकदां, त्यानंतर दर तीन महिन्यांनीं.
वय ६ महिन्यांनंतर : पशुवैद्याच्या सल्ल्यानें नसबंदी. पिल्लें नको असतां होऊं देऊन मग तीं शिवेवर सोडणें हें पाप तर आहेच, शिवाय तींच पुढें मोकाट होऊन आपल्या शेळ्या फाडतात.
दर वर्षीं : रेबीजची व इतर लसी, टोंचल्याचा दाखला याच पानास चिकटवावा.

गांवांत कुत्रें पिसाळल्याची आवई उठते त्या दिवशीं घरोघर पहिला प्रश्न हाच निघतो कीं, आपल्या कुत्र्यास लस केव्हां टोंचली होती? ज्याच्या वहींत तें पान आहे त्यास उत्तर तत्काळ सांपडतें व दवाखान्यांतहि तें उपयोगीं पडतें. ज्याच्या वहींत नाहीं त्याच्या घरांतील मुलांबाळांचे पुढील दिवस काळजींत जातात. तरी ज्यांच्या मळ्यावर आज कुत्रें आहे त्या शेतकरी बंधूंनीं पुढील लसीची तारीख आजच लिहून ठेवावी, अशी विनंति आहे.