कर्पूर तैल : उपयोग आणि सावधानता

कर्पूराचे गुण वैद्यांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. भावप्रकाशात कर्पूरादि वर्गाचा आरंभच या द्रव्याने होतो. शीत, लघु व लेखन अशा या द्रव्याचे तैल संधिशूल, मांसगत वेदना व कंडू यांवर आम्ही नित्य वापरतो. परंतु हेच तैल पोटात गेल्यास विष ठरते, हे आम्हांस एका प्रसंगाने शिकविले.

काही वर्षांपूर्वी आजींच्या गुडघ्यांसाठी आमच्याकडून नेलेले तैल घरातील दोन वर्षांच्या बालकास खोकल्याचे औषध समजून पाजले गेले. अर्ध्या तासात बालकास आक्षेप आले. रुग्णालयात वेळेवर नेल्याने ते वाचले. बाटलीवर आमच्याच अक्षरात 'कर्पूर तैल' एवढेच लिहिलेले होते. 'केवळ बाह्योपचारार्थ' हे शब्द नव्हते. दोष आमचाच होता.

हिशेब साधा आहे. 20 टक्के कर्पूर असलेल्या तैलाच्या 5 मि.लि. चमच्यात सुमारे 1 ग्रॅम कर्पूर असतो. एवढ्या मात्रेने लहान मुले दगावल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेत असे तैल एरंडेल समजून पाजले गेल्याने विषबाधा होत. म्हणून 1980च्या दशकात तेथे त्याच्या विक्रीवर बंदी आली. बाह्य औषधांतील कर्पूराची मर्यादा तेथे 11 टक्के आहे.

नावाचाही घोटाळा आहे. तिळाच्या वा खोबरेल तेलात कापूर विरघळवून केलेले तैल निराळे आणि कर्पूरवृक्षाच्या काष्ठापासून ऊर्ध्वपातनाने काढलेले तैल निराळे. दुसऱ्यातील पिवळ्या व तपकिरी प्रतींत सॅफ्रोल हे कर्करोगकारक द्रव्य असते. त्या औषधात वर्ज्य होत. पूजेच्या वड्याही औषधासाठी घेऊ नयेत.

औषधनिर्मात्यांनी लेबलावर कर्पूराचे प्रमाण, 'पोटात घेऊ नये' ही सूचना व मुलांस सहज न उघडणारे झाकण द्यावे. वैद्यांनी हे तैल क्षत वा भाजलेल्या त्वचेवर, गर्भिणीस व अपस्माराच्या रुग्णास देऊ नये. तान्ह्या बालकाच्या नाकाशी, छातीस वा गळ्यातील पुरचुंडीतही कापूर नको. श्वासावरोधाचे भय असते. चुकून पोटात गेल्यास वमन देऊ नये, कारण आक्षेप अकस्मात येतात. बाटलीसह तत्काळ रुग्णालय गाठावे.

त्या प्रसंगापासून आमच्या चिकित्सालयातून लेबलाविना एकही बाटली बाहेर जात नाही. व्यवसायबंधूंनी हा नियम अनुभवाची वाट न पाहता स्वीकारावा, ही विनंती.