पाणी भरावे, पण उतरू द्यावे

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या धर्मग्रामातील एक शेतकरी बंधू हातात रंगीत पत्रक घेऊन आमच्याकडे आले. "फादर, बिनमातीची शेती! घरातच वीस-वीस फुटांचे अरुंद ट्रे मांडायचे, दिवसातून चार वेळा पाणी सोडायचे, बस. दोन बिघे गहाण टाकले की भांडवल उभे राहते." आम्ही त्यांना चहा दिला आणि मग व्हरांड्यात नेऊन आमचा फसलेला ट्रे दाखवला. त्या ट्रेची हकिकत आज सर्वांसाठीच लिहीत आहोत.

ही विद्या खोटी नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक गेरिक यांनी पोषक क्षारांच्या पाण्यावर टोमॅटो वाढवून दाखवले आणि १९३७ साली या पद्धतीला 'हायड्रोपॉनिक्स' हे नाव दिले. आपल्या देशात शोल्टो डग्लस यांनी १९४६ च्या सुमारास बंगालच्या कालिंपाँग भागात प्रयोग केले. गरिबाला परवडेल अशी त्यांची रीत होती. खडी-वाळूच्या वाफ्यावर कोरडे क्षार पसरून हाताने पाणी घालायचे. पंपाची गरज नाही.

पत्रकातील ट्रेची रीत थोडी निराळी आहे. पन्हळीसारख्या लांबट ट्रेमध्ये बारीक खडी भरून तीत रोपे लावतात. क्षार विरघळवलेले पाणी खालून चढवतात. खडीच्या पृष्ठभागाखाली एक इंचावर ते थांबले पाहिजे, नाहीतर वर शेवाळ धरते. पंधरा-वीस मिनिटांनी सर्व पाणी टाकीत परत उतरते. पाणी चढताना खडीतील शिळी हवा बाहेर जाते आणि उतरताना ताजी हवा आत ओढली जाते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. म्हणून या शेतीचे मर्म पाणी भरण्यात नसून ते पुरते उतरण्यात आहे.

आम्ही चुकलो ते नेमके येथेच. आम्ही सोळा फुटी पत्र्याचा ट्रे केला आणि त्याला दोन टोकांनाच टेकू दिला. खडीच्या भाराने तो मध्ये दबला. दोन्ही टोके निथळत, पण मध्यभागी पाणी साचून राही. आठ-दहा दिवसांत तेथील पालक पिवळा पडला. उपटून पाहिला तर मुळे तपकिरी, बुळबुळीत आणि कुजका वास येणारी. क्षार कमी पडले असे समजून आम्ही आणखी क्षार घातले, तेव्हा टोकांचा पालकही करपला. दोष पाण्यात नव्हता, पाणसळ न लावणाऱ्या हातात होता.

ट्रे जितका लांब तितकी ही अडचण वाढते. आठ फुटांना एक इंच उतार पुरतो. तोच उतार वीस फुटांवर अडीच इंच होतो. मग खालच्या टोकाला पाणी काठोकाठ येते, तरी वरच्या टोकाच्या मुळांना ते धड पोहोचत नाही. म्हणून एका लांब ट्रेऐवजी अनेक आखूड ट्रे बरे.

ज्यांना हौस आहे त्यांनी चार फूट लांब, एक फूट रुंद व सहा इंच खोल असा एकच ट्रे करावा. दर दोन फुटांवर टेकू द्यावा आणि अर्धा इंच उतार ठेवावा. खडी पाच इंच भरावी. खडीचेच वजन पाऊणशे किलोच्या घरात जाते, तेव्हा ट्रे कच्च्या माळ्यावर ठेवू नये. खडी काळ्या दगडाची, धुतलेली असावी. तिच्यावर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर तीत चुना आहे, ती वापरू नये.

एवढ्या ट्रेला एका वेळी सुमारे १५ लिटर पाणी लागते, म्हणजे एक मोठी बादली. ट्रेच्या खालच्या टोकाच्या तळाशी भोक पाडून तेथून बादलीच्या तळापर्यंत रबरी नळी जोडावी. बादली ट्रेच्या वर खुंटीला टांगली की पाणी चढते. पंधरा मिनिटांनी खाली ठेवली की उतरते. हिवाळ्यात दिवसातून दोनदा, उन्हात तीन-चारदा हे करावे. वीज गेली तरी काम अडत नाही. टांगलेली बादली विसरून मात्र झोपू नये.

क्षारांविषयी दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. नुसता युरिया चालत नाही. बिनमातीच्या शेतीसाठी मिळणारे पूर्ण मिश्रणच घ्यावे. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या भांड्यात विरघळवून शेवटी मिसळावे, नाहीतर गाळ बसतो. आपल्या माळव्यातील बोअरचे पाणी बहुधा जड असते, म्हणून शक्य तर साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. उज्जैनला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो व मुळे लवकर कुजतात, तेव्हा ते दोन महिने ट्रे रिकामा ठेवणेच शहाणपणाचे. घराच्या आत ठेवायचा तर खिडकीचा उजेड पुरत नाही. दिव्यांचा खर्च धरावा लागतो.

जनावरांच्या चाऱ्यासाठीही ट्रे वापरतात. जुने गोवे येथील कृषी संशोधन केंद्राने मक्याच्या अशा चाऱ्याचा अभ्यास केला आहे. एक किलो दाण्यापासून आठवडाभरात पाच-सहा किलो हिरवा चारा मिळतो. पण वाढलेले वजन पाण्याचे असते. सुका अंश दाण्यापेक्षा वाढत नाही. येथेही निचरा नसला की बुरशी धरते. असा चारा गाईला मुळीच घालू नये.

आरोग्याचे सांगायचे तर बादली झाकलेली असावी, कारण डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. दर आठवड्याला पाणी बदलावे. जुने पाणी झाडांना घालावे. विहिरीत किंवा नाल्यात सोडू नये. क्षार लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असे कुलपात ठेवावेत. भाजी वाहत्या पाण्यात धुऊनच खावी.

ज्यांच्या दाराशी मातीच नाही, अशा शहरातील कुटुंबांना एका ट्रेतून पालक-पुदिना मिळाला तर आनंदच आहे. पण ज्याच्याकडे माळव्याची काळी जमीन आहे, त्याने ती गहाण टाकून खडीचे ट्रे घ्यावेत, हे आम्हाला पटत नाही. काळ्या मातीत सोयाबीन, गहू, हरभरा पिकतो. ट्रेमध्ये स्वयंपाकघराची भाजी पिकते. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

त्या बंधूंनी पत्रक घडी करून खिशात घातले. दोन बिघे अजून त्यांच्याच नावावर आहेत. त्यांच्या पडवीत चार फुटांचा एक ट्रे आहे, आणि बादली टांगण्याचे व उतरवण्याचे काम त्यांच्या म्हाताऱ्या आईने आपणहून घेतले आहे. परवा त्या माउलीने आमच्याकडे पुदिन्याची जुडी पाठवली. मुळे पांढरीशुभ्र होती.