एटनाची वाईन आणि बाटलीवरचं शेताचं नाव

आजचा विषय आहे वाईन. घरात मुलं ऐकत असतील तर रेडिओ बंद करू नका. आज पिण्यापेक्षा शेतीबद्दलच जास्त बोलणार आहोत.

त्याचं असं झालं, गेल्या उन्हाळ्यात माझे आईबाबा इकडे इंग्लंडला आले होते. बाबांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. आयुष्यभर द्राक्षं पिकवली, पण वाईनला कधी हात लावला नाही. एका संध्याकाळी मित्रमंडळी जेवायला आली, त्यांनी सिसिलीची रेड वाईन आणली. बाबांनी चष्मा लावून बाटली निरखली आणि विचारलं, "हे कुणाचं नाव गं?"

"बाबा, ते शेताचं नाव आहे. ज्वालामुखीच्या उतारावरचं शेत."

"ज्वालामुखीची तर आपलीही जमीन. आपल्या शेताचं नाव कोण लिहितं?"

प्रश्न रास्त होता. म्हणून आज तोच सोडवू या.

एटना हा सिसिलीच्या पूर्वेचा, आजही जागा असलेला ज्वालामुखी. उंची 3,300 मीटरपेक्षा जास्त. त्याच्या उत्तर, पूर्व आणि दक्षिण उतारांवर साधारण 400 ते 1,000 मीटर उंचीवर द्राक्षमळे आहेत, आणि 1968 पासून 'एटना' या नावाला इटलीत कायद्याचं संरक्षण आहे. तिथल्या रेड वाईनमध्ये किमान 80 टक्के द्राक्षं 'नेरेल्लो मास्कालेझे' या स्थानिक जातीची असावी लागतात. या जातीचं नाव मास्काली या गावावरून आलं. ते मास्काली गाव 1928 मध्ये लाव्हाखाली गाडलं गेलं आणि पुन्हा वसवावं लागलं. म्हणजे गाव गेलं, पण द्राक्षानं नाव जपलं.

आता बाटलीवरच्या नावाकडे येऊ. एटनावर जमिनीच्या पट्ट्याला 'कोंत्रादा' म्हणतात. आपल्याकडे 'विहिरीकडचा मळा', 'माळावरचं रान' म्हणतो ना, तसंच, फक्त पट्टा जरा मोठा. कधी एकाच कोंत्रादात अनेक शेतकऱ्यांचे मळे असतात. अशा सव्वाशेहून जास्त कोंत्रादांची नावं आता अधिकृत यादीत आहेत. लेबलवर कोंत्रादाचं नाव असेल, तर द्राक्षं त्याच पट्ट्यातली हवीत. पण द्राक्षं अगदी एकाच मळ्यातली आहेत का, हे उत्पादकाच्या माहितीत पाहावं लागतं. खरेदी करताना हा फरक लक्षात ठेवा.

इतक्या जवळजवळच्या जमिनींत वेगळेपण ते काय? तर लाव्हाचं वय. एटनाचे लाव्हा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या वाटांनी उतरले. लाव्हा थंड झाला की लगेच माती होत नाही. आधी नुसता काळा दगड, मग त्यावर दगडफूल, मग झुडपं, आणि शेकडो वर्षांनी शेतीजोगी जमीन. त्यामुळे एका बांधाच्या अलीकडे खोल माती आणि पलीकडे खडबडीत दगड असं होऊ शकतं. शिवाय राखेची भर अधूनमधून पडतच असते. उंची बदलली की थंडी बदलते, उतार बदलला की ऊन. मग द्राक्ष पिकण्याची वेळ आणि आंबटगोडपणाही बदलतो.

इथे एक गैरसमज दूर करू. 'या वाईनला लाव्हाची चव आहे' असं विक्रेते म्हणतात. पण वेलीची मुळं दगडाची चव उचलून द्राक्षात आणत नाहीत. माती काम करते ते वेगळ्या रीतीने: पाणी किती धरते, किती निचरा होऊ देते, मुळं किती खोल जाऊ देते. एटनाच्या भुसभुशीत, वाळूसारख्या मातीतून पाण्याचा झटकन निचरा होतो, वेलीचा पसारा आवरतो. वाईन रंगाने फिकट लाल, चवीला आंबटसर आणि थोडी तुरट असते.

बाबांना खरी गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीने युरोपभरचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. ही कीड मुळं खाते. उपाय सापडला तो अमेरिकन जातीच्या खुंटावर कलम करण्याचा. पण वाळूच्या मातीत या किडीला नीट फिरता येत नाही. म्हणून एटनावर काही जुन्या वेली आजही स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. बाबा म्हणाले, "आम्ही तर सगळी बाग डॉगरिजवर बांधली." डॉगरिज हाही अमेरिकन खुंटच, आपल्याकडे तो पाण्याचा ताण आणि खारवट जमीन सोसतो म्हणून लावतात.

मग आपल्या जमिनीत आणि एटनात फरक कुठे? दोन्हीकडे मूळ दगड बेसॉल्टच, आपल्या जात्याचा आणि पाट्या-वरवंट्याचा काळा दगड. पण दख्खनचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. तो झिजून झिजून चिकण काळी माती झाली, पाणी धरून ठेवणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. एटनाची जमीन त्यामानाने कालचं पोर. हंगामही उलटा: ऑक्टोबरमध्ये नाशिकला गोडी छाटणी चालू असते, तेव्हा एटनावर द्राक्षांची तोडणी.

आणि एटनाचा शेतकरी ज्या डोंगरावर जगतो, तोच त्याचं शेत गिळूही शकतो. मार्च 1981 मध्ये रान्दात्सो गावाच्या जवळून लाव्हा अल्कांतारा नदीपर्यंत गेला. वाटेतले द्राक्षमळे, रस्ते, रेल्वेमार्ग त्याखाली गेले. त्या दगडावर पुन्हा वेल लागायला किती पिढ्या जातील, कोण सांगणार? अशा ठिकाणी बाटलीवर शेताचं नाव लिहिणं ही नुसती जाहिरात उरत नाही. हे शेत इथे होतं, ही त्याची नोंद असते.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांनीच दिलं. युरोपला निर्यात होणाऱ्या द्राक्षांसाठी प्रत्येक बागेची नोंदणी असते. पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. "म्हणजे आपल्या बागेला नंबर आहे," ते म्हणाले, "फक्त नाव नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "तसं नाव आहेच की. आजोबा त्या तुकड्याला 'बाभळीचं' म्हणायचे. बाभूळ गेली, नाव राहिलं."

मला हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. चाळीस वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

तर मंडळी, या आठवड्यात गावाकडे फोन कराल तेव्हा एवढं विचारा: आपल्या शेतांची नावं काय होती? कागदावर गट नंबर असतो, नाव असेलच असं नाही. ते घरातल्या मोठ्या माणसांनाच ठाऊक असतं. लिहून ठेवा, आणि आम्हालाही कळवा. पुढच्या रविवारी ती नावं इथे वाचून दाखवू. तोवर, नमस्कार!