शोक आवरणं

शेलूबाजारात रात्री दहानंतर समृद्धी महामार्गाच्या बाजूनं ट्रकचा आवाज तेवढा येत राहतो. मी तेव्हाच भाषांतराला बसतो. दोनशे पानी रजिस्टर, पेन्सिल, शब्दकोश. खोडरबर मुद्दाम ठेवत नाही. चुकल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारतो, म्हणजे खालचा शब्द वाचता येतो. चार दिवसांनी पुष्कळदा तोच बरा वाटतो.

सध्या लेखिका भारती मुखर्जींची ‘द मॅनेजमेंट ऑफ ग्रीफ’ ही इंग्रजी कथा मराठीत उतरवतोय, स्वतःपुरती. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर, ३१,००० फुटांवर बॉम्बनं फुटलं. ३२९ माणसं गेली. मुखर्जी आणि त्यांचे पती क्लार्क ब्लेझ यांनी त्यावर १९८७ मध्ये पुस्तक लिहिलं. ही कथाही त्याच घटनेवरची, १९८८ च्या संग्रहातली. त्यांची हस्तलिखितं, पत्रं आज कॅनडात कॅलगरी विद्यापीठाच्या अभिलेखागारात जपलेली आहेत.

कथेतली बाई शैला भावे. नवरा आणि दोन मुलं विमानात होती. आडनाव वाचलं नि वाटलं, ही कथा इंग्रजीत चुकून राहिलीय. पण जुडिथ ही कॅनडातली सरकारी समाजसेविका तिला हाक मारते ती ‘मिसेस भावे’. ‘भावेबाई’ लिहिलं तर ती शाळेतली बाई होते, ‘भावेवहिनी’ लिहिलं तर जुडिथ वाड्यातली शेजारीण! ‘मिसेस’च ठेवलं. दुरावा त्यातच आहे.

आयर्लंडला गेलेल्या शैलाच्या सुटकेसमध्ये मुलांसाठी ‘ड्राय’ कपडे आहेत. पोहून किनाऱ्याला लागले असतील तर? मी आधी ‘वाळलेले कपडे’ लिहिलं. ते दोरीवरचे झाले. ‘सुके’ खोडलं. ‘कोरडे’ राहिलं. एका शब्दात अख्खी रात्र गेली.

सगळ्यात सोपा गेला तो म्हाताऱ्या शीख जोडप्याचा प्रसंग. मुलगे गेले, घराचा कारभार अडलाय, जुडिथ कागदांवर सही मागतेय, आणि ती दोघं करत नाहीत. सही केली म्हणजे पोरं येणार नाहीत हे कबूल केलं. कॅनडातल्या बाईला हा अडाणीपणा वाटतो. आमच्याकडे यावर तळटीप लागत नाही. तलाठ्यासमोर वारसनोंदीच्या कागदावर अंगठा टेकवताना थांबलेला हात इथं कुणी पाहिला नाही? एरवी लेक आईचा वारस. इथं आईबापानं लेकांच्या मागं सही करायची. हे पान मी एका बैठकीत लिहिलं, रेघ एकही नाही.

अडलोय शीर्षकाशी. ‘दुःखाचं व्यवस्थापन’ लिहिलं, तर पंचायत समितीतलं प्रशिक्षण वाटतं. खरं तर मुखर्जींना तोच कोरडा सरकारी सूर हवाय. जुडिथकडे शोकाचे टप्पे सांगणारी पुस्तकंच आहेत. म्हणून ते खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. परवा आई दारातून म्हणाली, “आवर ना बाप्पा आता पसारा.” पसारा आवरतात, केस आवरतात, रडूही आवरतात. पेन्सिलीनं वर लिहून ठेवलं: ‘शोक आवरणं’.

कसर लागू नये म्हणून रजिस्टर कपाटात निंबाच्या पाल्यात ठेवतो. शीर्षक अजून शाईनं गिरवलेलं नाही.