साडेतीन मिलिमीटरचा चिरा

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लेन्सबरो गावाजवळ स्टारुका नावाचा रेल्वेचा दगडी पूल आहे. इरी रेलरोडने तो १८४८ साली बांधून पुरा केला. लांबी १०४० फूट, उंची शंभर फूट, कमानी १७. आजही तो आगगाड्यांचं ओझं पेलतो. हाच पूल छोट्या रेल्वेच्या मांडणीत उभा करायचा म्हटला, तर ‘एचओ’ या सर्वांत रूढ प्रमाणात, म्हणजे १:८७ ने, त्याची लांबी बारा फुटांच्या आसपास भरते आणि उंची जेमतेम चौदा इंच. फूटभर उंचीचा चिरा साडेतीन मिलिमीटरचा होतो. दोन चिऱ्यांमधली अर्ध्या इंचाची दरज मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढी उरते. छोट्या रेल्वेच्या छंदातलं सगळ्यात चिकाटीचं काम इथे सुरू होतं.

इंजिनं, डबे, रूळ दुकानात मिळतात. दगडी भिंतीचे प्लॅस्टिकचे ठसेदार पत्रेही मिळतात. पण पत्र्यावरची नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येते आणि डोळ्याला ते लगेच कळतं. शिवाय पत्रा कोपऱ्यावर वळवला की दोन्ही बाजूंचे थर जुळत नाहीत. म्हणून मन लावून काम करणारे लोक भिंत स्वतः घडवतात.

ही कला दोन घराण्यांत वाढली. एक अमेरिकेतलं, प्लास्टरचं. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे जॉन अ‍ॅलन या छायाचित्रकाराने आपल्या ‘गोर अँड डॅफेटिड’ या छोट्या रेल्वेत प्लास्टरचे डोंगर, दऱ्या उभ्या केल्या आणि ऊन, पाऊस, धूर खाल्लेल्या वस्तू कशा दिसतात ते रंगवून दाखवलं. १९७३ साली तो गेला आणि काही दिवसांतच ती रेल्वे आगीत नष्ट झाली, पण त्याने काढलेल्या फोटोंनी पुढच्या पिढ्या घडवल्या. दुसरं घराणं इंग्लंडचं, पुठ्ठ्याचं. रॉय इंग्लंड हा मूळचा ऑस्ट्रेलियन माणूस १९२५ साली तिथे आला. जुनी खेडी डोळ्यांदेखत बदलताना पाहून, ती जशीच्या तशी लहान आकारात जपायची असं त्याने ठरवलं. त्यातून ऑक्सफर्डशायरमध्ये पेंडन संग्रहालय उभं राहिलं. तिथल्या घरांच्या भिंती पुठ्ठ्यावर कोरून जलरंगांनी रंगवलेल्या आहेत.

प्लास्टरची रीत जवळून पाहू. आधी पाण्यात प्लास्टर सोडायचं. प्लास्टरवर पाणी ओतलं तर गुठळ्या होतात. मिश्रण सपाट साच्यात ओतून साचा हलकेच ठोकायचा, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. ते निवलं, पण अजून ओलं आहे, तीच कोरण्याची वेळ. तेव्हा ते ताज्या पनीरइतकं मऊ असतं. पट्टी धरून सुईने आधी आडवे थर आखायचे, मग उभ्या दरजा. दात साफ करण्याची डॉक्टरांची हत्यारं इथे फार उपयोगी पडतात. एखाद्या चिऱ्याचा कोपरा उडवायचा, एखाद्याचा चेहरा पात्याने खरवडायचा, एखादा किंचित बाहेर ठेवायचा. प्लास्टर वाळून कडक झालं तर ब्रशने पाणी मारून पुन्हा कामाला लागता येतं. भिंत मनासारखी उतरली की तिच्यावरून रबराचा साचा घ्यायचा आणि हव्या तेवढ्या प्रती ओतायच्या.

हात बसायला वेळ लागत नाही. अवघड आहे ते गवंड्याच्या डोक्याने विचार करणं. सांधेमोड हा त्यातला पहिला धडा: वरच्या थराची उभी दरज खालच्या थराच्या दरजेवर येता कामा नये. कोपऱ्यावर मोठे, घडीव दगड एकाआड एक लांब-आखूड बसतात. कमानीचे दगड पाचरीच्या आकाराचे असतात, त्यांच्या दरजा कमानीच्या केंद्राकडे वळलेल्या हव्यात आणि मधोमध चावीचा दगड हवा. रूळ चढावर असले तरी भिंतीचे थर साधारणपणे आडवेच राहतात. चढाबरोबर जातो तो वरचा कठडा. हे चुकलं की रंगकाम कितीही सुरेख असो, भिंत खोटी वाटते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण ही भिंत वजन पेलणार नाही, हे त्याला जाणवतं.

रंगही असाच विचाराने लावावा लागतो. एकाच खाणीतले दगडही एका रंगाचे नसतात. म्हणून पातळ करडा, पिवळसर, तपकिरी रंग स्पंजने ठिपक्याठिपक्याने लावतात आणि काही मोजके दगड वेगळे रंगवतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काळ्या शाईचे थोडे थेंब टाकून ते मिश्रण भिंतीवर सोडतात. ते आपसूक दरजांत उतरतं. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट रंग फिरवला की प्रत्येक दगड उठून दिसतो. वाफेच्या इंजिनांचा काळ दाखवायचा असेल तर बोगद्याच्या तोंडावर, कमानीच्या माथ्याशी काजळी हवी. ओल झिरपते तिथे चुन्याचे पांढरे ओघळ हवेत.

महाराष्ट्रातल्या छांदिष्टांसाठी तर शाळाच घराजवळ आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून सुरू आहे. आणि खरं दगडकाम बोरघाटात आहे. १८५६ साली तिथे रेल्वेमार्गाचं काम सुरू झालं. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारल्यावर त्यांची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला आणि १८६३ साली घाटातून गाडी धावली. २५ बोगदे, ३७ फुटांना एक फूट असा चढ, आणि काळ्या बसाल्टचे पूल नि भिंती. त्याच घाटातला एक दगडी पूल १८६७ साली कोसळला. दगडकामात हयगय चालत नाही, याचा याहून मोठा दाखला नको. या बसाल्टची प्रतिकृती करताना नुसता काळा रंग चालत नाही. जुना कातळ तपकिरी, तांबूस होतो, पावसाळ्यात शेवाळाने हिरवा होतो आणि दरजांतला चुना त्यावर उजळ दिसतो.

परदेशी साचे आपल्याकडे महाग पडतात, पण त्यांची गरजही नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. सुरुवात मोठ्या पुलाने करू नका. एका कमानीची मोरी घ्या. गावाजवळच्या एखाद्या जुन्या दगडी पुलापाशी जा, रुळांवर न जाता रस्त्यावरून त्याचे फोटो काढा, थर मोजा, दगडांची लांबी-उंची वहीत टिपा. ठिकठिकाणी हे पूल पाडून काँक्रीटचे होत आहेत आणि त्यांच्या नोंदी सगळीकडे ठेवलेल्या नाहीत. तुमची साडेतीन मिलिमीटरच्या चिऱ्यांची मोरी नीट मापात उतरली, तर उद्या तीच त्या बांधकामाची नोंद ठरेल.