ही जबाबदारी एकट्या बाईची नाही



पाळी सुटायच्या वेळी डांगे चौकात उभे राहिले, की कामगारांनी भरलेल्या गाड्या एकामागून एक येताना दिसतात. कोणी बीडकडचा, कोणी लातूरचा, कोणी मावळातला. पोटापाण्यासाठी आलेली ही मंडळी थेरगावात दोन खोल्यांत संसार मांडून राहतात. घरात एक-दोन मुले असतात. आता पुरे, असे दोघांनाही वाटते. मग एखाद्या रात्री बोलणे निघते.

“अहो, आता ऑपरेशनचं बघायला हवं.”

“मग तू करून घे की. मला मशीनवर उभं राहायचंय. कमजोरी आली तर पगार कोण देणार?”

बाई गप्प बसते आणि स्वतःच ऑपरेशनला तयार होते. हे काही एका घरातले चित्र नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या दर १०० विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ जणींचे ऑपरेशन झालेले आढळले. पतीने नसबंदी केली आहे अशा स्त्रिया मात्र हजारात अवघ्या ३. बाळंतपण तिने सोसायचे आणि ऑपरेशनही तिनेच करून घ्यायचे, हा कुठला न्याय?

नसबंदी म्हणजे नेमके काय?

पुरुषाचे बीज वृषणात तयार होते आणि दोन बारीक नळ्यांतून पुढे जाते. नसबंदीत या नळ्या बांधून बंद करतात. एवढेच. बिनटाक्याच्या पद्धतीत चाकू वापरत नाहीत, टाका घालत नाहीत. जागा बधिर करून कातडीला बारीकसे छिद्र पाडतात. १५-२० मिनिटांत काम होते आणि माणूस त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी जातो. ही पद्धत चीनमधील डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ साली शोधून काढली.

स्त्रीचे ऑपरेशनही सुरक्षित आहे. पण त्यासाठी पोटाला छेद द्यावा लागतो. त्या मानाने पुरुषाची नसबंदी सोपी आहे आणि तिच्यात धोकाही कमी आहे.

मनातल्या शंका

“कमजोरी येते का?” नाही. पुरुषाला जोम देणारा रस नळीतून जात नाही, तो वृषणातून थेट रक्तात मिसळतो. नळी बांधली तरी तो पूर्वीसारखाच तयार होत राहतो. त्यामुळे ताकद, दाढीमिशा, आवाज, पुरुषत्व यांत काही फरक पडत नाही. वैवाहिक सुखही कमी होत नाही.

“कामावर कधी जाता येईल?” दोन दिवस विश्रांती घ्यावी, घट्ट लंगोट वापरावा. बैठे काम दोन-तीन दिवसांनी चालते. जड ओझे उचलणे आणि सायकल चालवणे आठवडाभर टाळावे. थोडी सूज किंवा दुखणे राहते, ते उतरते. ताप आला, सूज वाढत गेली, रक्त किंवा पू येऊ लागला, तर घरी न थांबता दवाखाना गाठावा.

“पगार बुडेल त्याचं काय?” राज्य कामगार विमा योजनेतील कामगाराला वर्गणीच्या अटी पूर्ण असल्यास नसबंदीनंतर ७ दिवस पूर्ण मजुरीइतका भत्ता मिळतो. स्त्री कामगाराला १४ दिवसांचा मिळतो. सरकारी योजनेतही बुडालेल्या मजुरीपोटी ठरलेली रक्कम देतात.

“लगेच निर्धास्त झालो ना?” नाही! इथेच पुष्कळांची चूक होते. नळीत आधीचे बीज शिल्लक असते. म्हणून पुढचे ३ महिने निरोध वापरलाच पाहिजे. त्यानंतर वीर्य तपासून घ्यावे आणि डॉक्टरांनी ‘बीज नाही’ असे सांगितल्यावरच निरोध थांबवावा. ही तपासणी चुकवली आणि दिवस गेले, तर बिचाऱ्या बायकोवर उगाच संशय येतो. घरे मोडतात ती अशा अज्ञानाने.

निर्णय आपलाच

१९७६ साली नसबंदीची सक्ती झाली. तिची भीती जुन्या माणसांच्या मनात अजून आहे, आणि ती खोटी नव्हे. आज मात्र सक्ती नाही. आपली लेखी संमती असल्याशिवाय कोणी ऑपरेशन करू शकत नाही. नसबंदी हा कायमचा उपाय आहे. नळी पुन्हा जोडणे अवघड असते आणि जोडूनही मूल होईलच असे नाही. म्हणून पुरता विचार करावा, नवरा-बायकोने बसून बोलावे. मन डळमळत असेल तर थांबावे.

पाळणा लांबवायचा असेल, तर तात्पुरती साधने आहेत. निरोध आहे. तांबी आहे, ती बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. दर ३ महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आहे, आणि ‘छाया’ गोळी आहे. छाया पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घेतात. यांतले कोणते साधन कोणाला मानवेल, ते तपासून डॉक्टरच सांगतील.

हा विचार काही परका नाही. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, लोकांची निंदा झाली, तरी ते मागे हटले नाहीत. त्यांनी सोसले ते आपल्या घरातल्या बाईसाठी. आपल्याला तर एका सुट्टीच्या दिवसाइतकेच धैर्य हवे आहे.

थेरगावच्या महापालिका रुग्णालयात, पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा आपल्या वस्तीतल्या आशाताईंकडे चौकशी करा. संकोच बाळगू नका. एकटे जाऊ नका, दोघे मिळून जा.

लक्षात ठेवा: संसार दोघांचा, जबाबदारीही दोघांची!